दुधाच्या हंड्यावरच्या तीन रेघा

मी दुधाचा हंडा बोलतोय. तांब्याचा आहे, पोट मोठं आणि तोंड फटकळ. गोड ऐकायचं असेल तर शेजारच्या दुकानात जा.

जुन्या यहुदी गल्लीत, कमानीला लागून असलेल्या खाणावळीत माझं आयुष्य गेलं. तांबटानं ठोकून ठोकून माझं पोट काढलं. तेवढा मार खाल्ला म्हणून अजून उभा आहे. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही आला. तो मांसाचा, मी दुधाचा. या लोकांत मांस आणि दूध एका भांड्यात कधी जात नाही. गेलं की भांडं बाटलं. आम्हां जुळ्यांची गफलत होऊ नये म्हणून तेव्हाच्या मालकाच्या धाकट्या मुलानं कानस घेऊन माझ्या कडीच्या आतून तीन रेघा पाडल्या. वाकड्या पाडल्या, पण पाडल्या.

पुढं गल्ली ओस पडली. माणसं दूरदेशी गेली, त्यांच्या दारांवर हॉटेलांच्या पाट्या चढल्या. धाकटाही गेला, खाणावळ परक्या हातात गेली. त्याची थोरली बहीण तेवढी राहिली. आता ती म्हातारी आहे, सगळे तिला मावशी म्हणतात. त्यांच्या धर्माच्या रीतीनं कापणारा खाटीक गेला तेव्हापासून तिनं मांस सोडलं. हात थरथरतो म्हणून घरी चूल पेटवत नाही. दुपारी इथं येते आणि माझ्यातला दूधभात खाते. दिवसभरात तेवढंच.

तिला दिसत नाही फारसं. म्हणून बसण्याआधी आत येऊन कडीखाली बोट फिरवायची. तीन रेघा लागल्या की म्हणायची, "वाढा."

बाकी वेळ कमानीपाशी बाकावर बसून असते. गल्ली बघायला आलेले लोक विचारतात, आजी, इथं जेवायचं कुठं? ती काठीनं आमचं दार दाखवते. माझा बाप तिथं रांधायचा म्हणते, दोन हंडे अजून वेगळे आहेत म्हणते. तिच्या शब्दावर नव्या मालकाची एक खुर्ची रिकामी राहत नाही.

हा नवा मालक दुष्ट नाही, पण चकाकीचा हावरा. फोटोत हंडे चमकायला हवेत म्हणून जुन्या कड्या उपटल्या, पितळेच्या बसवल्या. रेघा भंगारात गेल्या. मग भावाचं बूड फुटलं. आचाऱ्यानं विचारलं, हाडं कशात उकळू?

"त्या दुसऱ्यात उकळ की," मालक म्हणाला. "धुतलं की भांडी सगळी सारखीच."

सकाळी हाडं, मग राखेनं घासून दूध. असं सुरू झालं.

त्या दुपारी मावशीचं बोट कडीवरून फिरलं. गुळगुळीत. पुन्हा फिरलं. मालक लाडानं म्हणाला, "कडी तेवढी बदलली हो मावशी. हंडा तोच आहे."

मेला खोटंही बोलला नाही. तू म्हणतोस तर ठीक, असं म्हणून ती जाऊन बसली. तांबं ओरडत नाही. कुणी आपटलं तरच वाजतं, आणि त्या दिवशी कुणी आपटलं नाही. तेव्हापासून ती रोज खाते, आणि रोज बाकावरून माणसं पाठवते.

आज तिचा धाकटा भाऊ आला. डोक्यावर केस नाहीत, पण हात मी ओळखला. इथं काही बदललं नाही, बघ, असं ती त्याला दारापासून सांगत होती. ती टेबलाशी बसली, तो सरळ माझ्याकडे आला. कडीखाली बोट घातलं. थांबला. मग वाकून नाक माझ्या तोंडाशी आणलं. राखेनं कितीही घासा, तांबं हाडांचा वास धरून ठेवतं. आचारी उगाच पळी पुसत राहिला.

बाहेरून तिनं विचारलं, "तीन आहेत ना रे?"

त्यानं कडी सोडली.

"आहेत, ताई."

जाऊन तिच्यासमोर बसला. ताटं आली. त्यानं आपलं ताट हळूच बाजूला सारलं, प्रवासात भूक मेली म्हणाला. ताट टेबलावर घासल्याचा आवाज झाला. म्हातारीला दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. तिचा चमचा तोंडापाशी आला होता, तिथंच थांबला. मग तिनं तो खाली ठेवला, पालथा.

तुम्ही गल्लीत याल. कमानीपाशी बाक रिकामा दिसला तर जेवायचं कुठं ते मला विचारू नका. मी चुलीवर असेन, सकाळची हाडं घेऊन.