बद्द

शेखरने खिशातून काडतुसाची पितळी पुंगळी काढली आणि तपासणीच्या टेबलावर उभी करायला गेला. ती उभी राहीना. तोंडापासून कमरेपर्यंत सरळ चिरली होती.

"ही कुणाच्या हातून गेली?"

मनीषाने हातातलं भिंग खाली ठेवलं. पुंगळ्या घासायचं फिरतं पिंप नुकतंच थांबलं होतं. दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडांच्या भुग्यात तासभर घोळून लख्ख झालेल्या पुंगळ्या त्यात निपचित पडल्या होत्या. पिंपाला लागून असलेल्या स्टुलावर पुतळाबाई पाठ करून बसली होती. तिने मान वळवली नाही.

"काल रायफल क्लबात एक मुलगी सराव करत होती. काडतूस आपल्याकडचं. फुटलं. गाल भाजलाय, डोळा थोडक्यात वाचला." शेखर सुपरवायझर असून कधी ओरडत नसे, आज ओरडत होता. "खोक्यातली तपासणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी गहाळ आहे. तपासणीला तुम्ही दोघीच. मावशी, तुम्हाला बोलतोय मी!"

पुतळाबाई आपल्या कामात. मनीषाने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती वळली आणि आधी शेखरच्या ओठांकडे पाहिलं.

ती ओठ वाचते, हे मनीषाला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. देवळाली कॅम्पाच्या अलीकडच्या या शेडमध्ये झाडलेल्या पुंगळ्या पोत्यांनी यायच्या, धुऊन-घासून, तपासून, पुन्हा दारू भरायला जायच्या. तीन वर्षांपूर्वी मनीषा लागली तेव्हा पुतळाबाईनेच तिला शिकवलं होतं. चार पुंगळ्या मुठीत घ्यायच्या, हलवायच्या.

"खणखणीत वाजली ती आपली. बद्द वाजली ती भंगाराची. मडकं नाय का वाजवून घेत? तसंच."

"मावशी, मी बीएस्सी आहे. केमिस्ट्री."

"मंग काय झालं? केमिस्ट्रीला कान नसत्यात का?"

मनीषा हसली होती, आणि शिकलीही होती. तरी भरवसा भिंगावरच. पुतळाबाईचे कान मात्र अकरा वर्षं त्या पिंपाशेजारी बसून एकेक आवाज गाळत गेले होते. कॅम्पाकडे तोफांचा सराव सुरू झाला की अजूनही सगळ्यांआधी तीच म्हणायची, "झाले बघा सुरू." तिचा तळवा टेबलावर पालथा असतो आणि टेबल थरथरतं, हे फक्त मनीषाच्या ध्यानात आलं होतं. अलीकडे पुतळाबाई पुंगळी नखाने टिचकवून खालच्या ओठाला टेकवायची.

"मावशी, शिसं असतं त्याच्यावर. तोंडाला लावू नका ना."

"या वयात शिसं मला काय करतंय? तू तुझ्या लेकीचं बघ."

ते तर मनीषा बघतच होती. घरी गेल्यावर मोरीत आधी कपडे बदलायचे, तीनदा साबणाने हात धुवायचे, मगच संजनाला उचलायचं. चार वर्षांच्या संजनालाही ते पाठ झालं होतं. दारातच विचारायची, "हात धुतले?"

शेखरने मनीषाला ऑफिसात बोलावलं.

"मालक म्हणतात, एकीला काढा. तुझं लेकरू लहान आहे म्हणून आधी तुला विचारतोय. तुझ्याकडून गेली असेल का?"

आदल्या आठवड्यात संजनाला ताप होता. तीन दिवस ती भिंगातून बघत होती खरी, पण कान सासूबाईंच्या फोनकडे लागलेला. त्या तीन दिवसांतला एकही ट्रे तिला आठवत नव्हता.

"मावशींना ऐकू येत नाही," ती म्हणाली.

शेखरने कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून दे. शिकलेली आहेस."

तिने लिहून दिलं. पाच ओळी, एकही खाडाखोड नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेखरने पिंप बंद ठेवायला लावलं. पुतळाबाईसमोर ट्रे ठेवला. शंभर पुंगळ्या.

"मावशी, यातल्या खराब काढा."

पुतळाबाईने ट्रेकडे पाहिलं, बंद पिंपाकडे पाहिलं, मग मनीषाकडे. पदराने ओठ पुसले आणि बसली. एक पुंगळी नखाने टिचकवायची, ओठाला टेकवायची, ठेवायची. मनीषा मनात मोजत होती. एक बाजूला पडली. मग दुसरी. सात झाल्या तेव्हा शेखरने घड्याळ पाहिलं.

"बास मावशी. खराब सातच टाकल्या होत्या मी."

तिला ते ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असेल. तिने आणखी एक ओठाला लावली, पुन्हा लावली, आणि शेखरच्या पुढ्यात उभी केली.

"ही चांगली आहे, मावशी."

"बद्द हाय."

शेखरने भिंग घेतलं. बराच वेळ पुंगळी फिरवत राहिला. मग त्याने भिंग मनीषाकडे दिलं. तोंडाच्या कडेला चीर होती, केसाएवढी. बघायचीच म्हटलं तर दिसणारी.

बाकीच्या त्र्याण्णव पुंगळ्या त्याने पास झालेल्या ट्रेमधून उचलल्या होत्या. त्या ट्रेमधली चिठ्ठी अजून तिथेच होती. तारीख आदल्या आठवड्यातली, सही मनीषाची. शेखरने ती वाचली, चौघडी केली आणि खिशात घातली.

"सर," मनीषा म्हणाली. "तो कागद परत..."

"कागद कालच वर मालकांकडे गेला. आज मी फक्त माझी खात्री करून घेत होतो. बहिरी बाई तपासणीला बसवली होती असं क्लबाला कळवलंय. त्यांचंही समाधान झालं." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आता दुसरं काही सांगायला गेलो तर दोघीही जाल. मीही जाईन."

पुतळाबाई दोघांचे ओठ बघत होती. डब्याची पिशवी घेतली, स्टुलावरचं गोधडीचं बसकर उचललं, झटकलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, परत स्टुलावर पसरून ठेवलं.

"राहू दे. स्टूल लय टोचतं."

"मावशी, मला..."

"शेखरनं कालच दाखवला मला कागद. मला वाचता येत नाय." ती चपला घालत म्हणाली. "पण अक्षर लय गोजिरं हाय गं तुझं, पोरी."

दुपारपासून मनीषा त्या स्टुलावर. पिंप सुरू झालं. चार पुंगळ्या मुठीत घेऊन तिने हलवल्या. पिंपाच्या खडखडाटात चारीही सारख्याच. भिंग लावलं. नितळ दिसल्या. कालपर्यंत तेवढं पुरत होतं. तिने दाराकडे पाहिलं, मग एक पुंगळी नखाने टिचकवली आणि खालच्या ओठाला टेकवली. गार, जराशी तुरट. एक बारीक झिणझिणी आली. दुसरीलाही आली. तिसरी ओठावर नुसतीच पडून राहिली.

तिने ती भंगारात टाकली आणि चौथी उचलली.

संध्याकाळी तिने मोरीत कपडे बदलले, तीनदा हात धुतले. तोंडावर पाणी मारलं, ओठ लाल होईस्तोवर साबणाने घासले. बाहेर आली तशी संजना धावत येऊन कमरेला बिलगली, टाचा उंचावल्या, ओठांचा चंबू केला.

मनीषाने मान मागे घेतली.

"हात धुतले ना?" संजनाने विचारलं.

मनीषाने तोंडावर हात ठेवला आणि होकाराची मान हलवली.

"मग?"