लोखंडी कपाटातला आवाज

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या बोळातल्या रत्नदीप सोसायटीने जुना इंटरकॉम काढून वायरलेस बसवायचं ठरवलं. त्याला कारण काय म्हणाल, तर सेक्रेटरी शरच्चंद्र मोहोळकरांच्या साडूच्या सोसायटीत तो बसला होता. दुसरं कारण नव्हतं. जुना इंटरकॉम चालत होता. दिसायला कळकट, रिसीव्हरवर आमटीचे डाग, वायरीला पीळच पीळ. पण बटण दाबलं की पलीकडे घंटी वाजायची आणि माणूस बोलायचा. साडूसमोर मान ताठ ठेवायला एवढं पुरत नाही.

मोहोळकर पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. खात्याने सोडलं ते सोसायटीने धरलं. कालव्याचं पाणी वळवायचं राहिलं, ते आता बिऱ्हाडांना वळवू लागले.

नव्या यंत्रणेचं उद्घाटन रीतसर झालं. राउटर पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नारळ फोडला तेव्हा त्याचं पाणी राउटरवर जायचं थोडक्यात राहिलं. मग मोहोळकरांनी तो दोन्ही हातांत धरून, देवळातली मूर्ती शेजघरात न्यावी तसा, सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवला. कपाटाला मागून भोक पाडून वायरी आधीच आत घेतल्या होत्या. खाली पावतीपुस्तकं, वर जुने ठराव, मध्ये राउटर. दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली जानव्याला.

तिसऱ्या मजल्यावरची ज्ञानदा कडेवर पोर घेऊन गर्दीत उभी होती. ती म्हणाली, "काका, लोखंडात कोंडलं तर त्याच्या लहरी बाहेर कशा येणार? बाहेर ठेवा ना."

"बाहेर? आणि चोरीला गेलं म्हणजे, सूनबाई?"

"मग जाळीत ठेवा, भिंतीवर उंच लावा. पण बंद कपाटात…"

"अगं, वाय-फाय आहे ते. भिंतीतून जातं, कपाटाचं काय घेऊन बसलीस!" मोहोळकर हसले, म्हणून सगळे हसले.

ज्ञानदा इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत तिचं कामच हे होतं की फोनवरचं बोलणं हवेतून धड जातं की वाटेत गळतं ते तपासायचं. मोहोळकरांनी ते ऐकून घेतलं होतं आणि सोसायटीभर सांगितलं होतं, की मुलगी कॉल सेंटरला होती.

तिला या लोकांचा राग येत नसे. राग यायला समोरचा थोडा तरी तोलामोलाचा लागतो. तिला कीव यायची, आणि ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती पोराच्या टोपीचे बंद सोडून पुन्हा बांधत राहायची. पण या वेळी नुसती कीव करून भागणार नव्हतं.

कडेवरच्या अवधूतला ताप चढला की झटका यायचा. दोनदा येऊन गेला होता. डोळे पांढरे, मुठी आवळलेल्या, ओठ निळसर. नवरा सुबोध बँकेत, बदली करकंबला, शनिवारी यायचा. समोरच्या दाराला कायम कुलूप, कारण ती मंडळी मुलाकडे पुण्याला. घरात मोबाईलला रेंज नाही. गॅलरीच्या टोकाला उभं राहून मान बाहेर काढली तर एखादी काडी. जवळ एकच आधार होता. त्याच जिन्याच्या तळमजल्यावर राहणाऱ्या डॉक्टर इंद्रायणी, लहान मुलांच्या डॉक्टर, आता दवाखाना बंद करून घरीच असायच्या. त्यांच्याकडे बटणांचा मोबाईल, तो सदा पर्समध्ये आणि पर्स कपाटात. मागच्या दोन्ही वेळी ज्ञानदाने भिंतीवरच्या त्या कळकट रिसीव्हरवरून हाक मारली होती आणि बाई चप्पल न घालता वर आल्या होत्या. तडफडणारं पोर जमिनीवर टाकून आई तीन जिने उतरू शकत नाही, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

आता त्या रिसीव्हरच्या जागी गुळगुळीत पांढरा डबा आला होता. जिन्यात मजल्या-मजल्यावर आवाज पुढे ढकलणाऱ्या छोट्या डब्या बसल्या होत्या. पण मूळ आवाजच कपाटात गुदमरलेला, तर त्या बिचाऱ्या पुढे ढकलणार काय?

रविवारी मोहोळकरांनी घरोघरी चाचणी घेतली. म्हणजे ऑफिसात, कपाटाला टेकून बसून, एकेका घराला फोन लावला आणि विचारलं, "ऐकू येतंय ना?"

सगळ्यांनी सांगितलं, "हो हो! मस्त!"

ऐकू कोणालाच धड येत नव्हतं. पण रत्नदीपमध्ये मोहोळकरांना "नाही" म्हणायची रीत नाही. "नाही" म्हटलं की ते जातीने वर येतात, सोफ्यावर बसतात, चहा होतो, चहाबरोबर काहीतरी होतं आणि मग उजनीच्या कालव्याची साद्यंत कथा होते. त्यापेक्षा हो म्हटलेलं बरं. सोलापूरच्या उन्हात सभासदांना तेवढं शहाणपण नक्की आलेलं होतं.

ज्ञानदाच्या घरचा डबा वाजला. आतून आवाज आला, "…कू… ना?"

"म्हण ना हो म्हणून," सुबोध पेपरातून म्हणाला. "उगीच चहा टाकावा लागेल."

"नाही येत ऐकू," ज्ञानदा डब्यात म्हणाली.

मोहोळकर वर आले. चहा झाला. त्यांनी भिंतीवर टिचक्या मारल्या आणि निदान केलं, "तुमच्या भिंतीला ओल असणार."

"काका, आवाज येतो का असं विचारून काही कळत नाही," ज्ञानदा म्हणाली. "आपण बोलतो ते अखंड जातच नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येकावर नंबर पडतो आणि ते हवेतून सुटतात. फोटो पाठवताना एखादा तुकडा गळाला तर पलीकडचं यंत्र सांगतं, सातवा मिळाला नाही, परत पाठव. बोलण्याला तेवढी सवड नसते. गळाला तो गळाला. म्हणून मी काय बोलले ते तुम्ही मला परत सांगायचं. तेव्हाच ते पोचलं."

"म्हणजे पोपटासारखं?"

"हो. पोपट खोटं बोलत नाही."

सुबोधने पेपर आणखी वर धरला. काका गेल्यावर म्हणाला, "जाऊ दे ना ज्ञानू. मोठे आहेत." करकंबच्या शाखेत हा माणूस कर्ज नाकारतो कसा, असा तिला नेहमी प्रश्न पडे.

दुसऱ्या संध्याकाळी तिने चाचणी घ्यायला लावलीच. खाली मोहोळकर, खजिनदार गुरुशांत बिराजदार आणि दोघं-चौघं जमले. वरून ज्ञानदा डब्यात एकच वाक्य बोलली. खालून हसण्याचे तुकडे आले आणि मोहोळकरांचं "हो हो, बघू या!" ती खाली गेली.

"काय ऐकलंत?"

"कपाटाचंच की! तू दुसरं काय बोलणार?"

"बिराजदार काका, तुम्ही?"

बिराजदारांनी मोहोळकरांकडे पाहिलं. "कपाटाचंच म्हणायचं."

"मी म्हणाले, अवधूतला झटका आलाय, डॉक्टरांना वर पाठवा. आणि तुम्ही म्हणालात, बघू या."

क्षणभर तिला वाटलं, पोचलं. मग मोहोळकरांच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या प्रभाकाकूंनी कानांवर हात ठेवले. "अगं बाई, काय हे अभद्र! स्वतःच्या लेकराबद्दल? वास्तू तथास्तु म्हणत असते गं!"

झालं. चाचणी राहिली बाजूला, ज्ञानदाच्या जिभेची चौकशी सुरू झाली. तिन्हीसांजा, त्यातून सोमवार. पुढच्या आठवड्यात जुन्या वायरी ओढून काढल्या आणि तांब्याच्या भावाने भंगारवाल्याला दिल्या. मोहोळकरांनी ग्रुपवर टाकलं, "एक घर सोडून सर्व सभासदांची यंत्रणा उत्तम."

एप्रिलातली दुपार. सोलापूर अशा वेळी मेल्यासारखं पडलेलं असतं. खिडक्या बंद, पडदे ओले, कूलर घरघरताहेत. सकाळपासून अवधूतचं अंग कोमट होतं. ज्ञानदा तासातासाला थर्मामीटर लावत होती, पट्ट्या ठेवत होती, आणि तरीही जे व्हायचं ते तिने पट्टी पिळायला मान वळवली तेवढ्यात झालं. पोर ताठ झालं.

तिने त्याला कुशीवर वळवलं. डॉक्टरबाईंनी दिलेला झटक्यावरचा फवारा नाकात मारला. थांबली. झटका थांबेना. पोराला ओढतच चटईसकट भिंतीशी आणलं, एक हात त्याच्या खांद्याखाली ठेवला आणि दुसऱ्याने डब्याचं बटण दाबलं.

डॉक्टरांकडे कोणी उचलेना, म्हणून तिने गेटला लावलं. लागला वॉचमन चनबसप्पा. अक्कलकोटकडचा माणूस, गेटवर झाडाखाली.

"चनबसप्पा, डॉक्टर मॅडमना पटकन वर पाठव, अवधूतला झटका आलाय!"

"व्हय मॅडम, व्हय व्हय."

"काय ऐकलंस? सांग मला!"

पलीकडे खरखर. मग, "…व्हय की मॅडम…" आणि फोन बंद. पाण्याची टाकी, पेपरवाला, कुरिअर, यांतलं काय त्याने मनाशी धरलं असेल ते त्याचा सिद्धेश्वर जाणे.

तिने पुन्हा डॉक्टरांचं बटण दाबलं. बाई उठल्या, कूलरच्या आवाजावरून ओरडल्या, "हॅलो… कोण… हो हो, बोला…"

ज्ञानदाचं तोंड वाक्य बोलायला उघडलं आणि तिने ते मिटलं. वाक्य जाणार नव्हतं. लांब वाक्य म्हणजे बोळातून नेलेला सोफा, कुठेतरी अडकणारच. एकेक शब्दच न्यायला हवा, आणि पलीकडून पोच आल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. पुण्यात तिने हजारदा यंत्रांना हेच करताना पाहिलं होतं.

"अवधूत," ती म्हणाली. खरखर. "अवधूत. अवधूत. अवधूत."

"…हो हो, कोण बोलतं…"

"अवधूत. अवधूत. अवधूत." तिचा आवाज चढत नव्हता. चढवला तर फाटला असता, आणि फाटलेला आवाज आणखी गळतो. पोराच्या तोंडाच्या कडेने फेस आला. तिने तो पदराने टिपला. "अवधूत. अवधूत."

"…धूत? अवधूत?"

"झटका. झटका. झटका."

"काय? हॅलो, नीट…"

"झटका. झटका. झटका. झटका."

डबा गप्प झाला. फोन तुटला वाटतं, असं तिच्या मनात आलं, तरी ती म्हणतच राहिली, कारण थांबून उपयोग नव्हता. आणि मग त्या गुळगुळीत डब्यातून, कपाटाच्या पत्र्यातून गळत गळत, एक शब्द धड वर आला.

"झटका? अवधूतला झटका? आले!"

बाई या वेळीही चप्पल न घालता आल्या. बॅग उघडली, सुई भरली, टोचली. हळूहळू मुठी सुटल्या. अवधूतने मोठा श्वास घेतला आणि चिडून रडायला लागला. त्या रडण्याइतकं सुरेख काही ज्ञानदाने कधी ऐकलं नव्हतं. त्यातला एकही तुकडा गळत नव्हता.

संध्याकाळपर्यंत जिना माणसांनी भरला. प्रभाकाकू म्हणाल्या, कांदा हुंगवायला हवा होता. कोणी म्हणालं, चपलेचा वास द्यावा. मग काकूंनी आवाज बारीक केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच केला. "मी त्या दिवशी म्हटलंच होतं. आपणच तोंडाने बोलावून घेतलं, दुसरं काय!"

ज्ञानदाने त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला तोंडात शब्द होते, पण ते काकूंवर खर्चायचे म्हणजे नासाडी. तिने दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी मोहोळकरांचा निरोप ग्रुपवर झळकला. "नव्या वायरलेस यंत्रणेमुळे आपल्या सोसायटीतील एका बालकाचे प्राण वाचले." खाली हात जोडलेली चित्रं, फुलं, टाळ्या. साडूलाही पाठवला असणार. मग मोहोळकर स्वतः वर आले. "सूनबाई, चल जरा खाली. यंत्रासोबत तुझा एक फोटो हवा. वर्तमानपत्राला देतोय."

इंद्रायणीबाई अवधूतपाशी बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून मोहोळकरांकडे पाहिलं आणि मग ज्ञानदाकडे. "जा तू," त्या म्हणाल्या. "मी आहे इथे."

ज्ञानदा गेली. केस विंचरून, साडी नीट करून गेली. मोहोळकरांनी जानव्याची किल्ली काढून कुलूप उघडलं. राउटरवरची झेंडूची माळ वाळून काळी पडली होती. बिराजदारांनी मोबाईल सरसावला.

"असं अंधारात काय कळणार, काका?" ज्ञानदा गोड आवाजात म्हणाली. "वर ठेवते, चांगला दिसेल."

"हां, हां. छान."

तिने वायरी काढल्या, भोकातून मागे ओढल्या, राउटर कपाटाच्या डोक्यावर ठेवला आणि जिथल्या तिथे जोडला. दिवे लुकलुकले, स्थिर झाले. फोटो निघाला. तेवढ्यात टेबलावरचा डबा वाजला. बिराजदारांनी बटण दाबलं आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज त्या खोलीत असा घुमला, की मोहोळकर दचकून मागे सरले.

"ज्ञानदा, पोराने वरणभात खाल्लाय आणि आता माझा चष्मा मागतोय. ये वर!"

"बघा!" मोहोळकर सावरले. "किती स्वच्छ! मी पहिल्यापासून सांगत होतो." आणि राउटर आत ठेवायला त्यांनी हात उंचावले.

तोवर ज्ञानदाने कपाटाचं दार लावलं होतं. कुलूप घातलं. कुलपातच राहिलेली किल्ली काढून कमरेला खोचली आणि ती जिन्याकडे निघाली.

"अगं, ठराव आहेत त्यात! पावतीपुस्तकं आहेत!" मोहोळकर मागून ओरडले.

"सुरक्षित राहतील की, काका," ती पायरी चढता चढता म्हणाली. "आवाज करत नाहीत ती."