सातवं गृहीतक

तिने पुन्हा कळ दाबली आणि पडद्यावर पुन्हा तीच हिरवी ओळ उमटली: सिद्ध.

आठ महिने जी सिद्धता हटून बसली होती, ती बाळंतपणाच्या रजेनंतरच्या पहिल्याच सकाळी मुकाट्याने वळणावर आली होती. आनंद व्हायला हवा होता. तिला धास्तीच वाटली.

काम औषधाच्या पंपाचं होतं. रुग्णाचा पंप एकच, पण त्याला दोन परिचारिका दोन ठिकाणांहून हुकूम देऊ शकत. नियम एका ओळीचा: काहीही झालं तरी डोस एकदाच जावा. पंपाचा प्रोग्राम तो नियम कधीच मोडत नाही, हे गणिताने दाखवायचं. दोघींनी एकाच क्षणी बटण दाबलं की मात्र घोडं अडायचं.

तिने प्रोग्राम उघडून पाहिला. त्यात काहीच बदललं नव्हतं. मग नियमाची फाइल उघडली. रजेवर जाताना गृहीतकं सहा होती, आता सात होती. 'दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली जाणार नाहीत.'

बदल करणाऱ्याचं नाव तिचंच होतं. तारीख बाळाला ताप भरला होता त्या दिवसाची. पासवर्ड तिने एकाच माणसाला दिला होता.

"दादा, हे काय?" शेजारच्या खोलीच्या दारातून तिने विचारलं.

थोरल्या भावाने चष्मा काढून पुसला. ही विद्या त्यानेच तिला शिकवली होती. गृहीतकात चोरी करायची नाही, हा पहिला धडाही त्याचाच.

"अगं, लाखात एकदा होतं असं. हॉस्पिटलवाले मागे लागले होते."

"मग स्वतःच्या नावाने लिहायचंस."

"माझ्या सहीवर त्यांचा विश्वास बसत नाही. तुझ्या सहीवर बसतो."

"पंप गेले?"

"सोमवारीच. चाळीस."

केसाने गळा कापला होता, आणि तोही सख्ख्या भावाने. रडू येईल असं वाटलं, पण नुसता संताप आला.

"बोललीस तर तूच बुडशील," तो हळूच म्हणाला. "नाव तुझं आहे."

तिने त्याच्याच टेबलावरचा फोन उचलून हॉस्पिटलला लावला.

"पंपांची सिद्धता खोटी आहे. चाळीसही पंप आत्ताच्या आत्ता बदला."

पलीकडून नाव विचारलं. दादाने मान वर केली.

तिने नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट.