वहीतली तारीख

प्रयोगशाळेत त्याला सगळे ज्योतिषी म्हणत. पीएचडीचं तिसरं वर्ष, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि काम असं की जे औषध अजून कुणी बनवलेलंच नाही, ते जंतू मारेल की नाही हे संगणकाकडून आधीच वदवून घ्यायचं. त्याचं मॉडेल, म्हणजे हे भाकीत करणारा संगणकाचा प्रोग्राम, शंभरातली चौऱ्याण्णव उत्तरं बरोबर देई. त्याच्या मार्गदर्शक सरांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि खरं सांगायचं तर त्याला काही ढकलावं लागलं नाही.

मॉडेलनं निवडलेले बारा रेणू प्रत्यक्ष बनवायचं काम ताईंकडे आलं. ताई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या रसायनतज्ज्ञ, वीस वर्षं काचेच्या चंबूंत काही ना काही शिजवत आलेल्या. रेणू सुचवायला संगणकाला क्षणभर पुरे. तो बनवायला ताईंना दोन आठवडे लागत. त्यांनी सात बनवले. जंतूंनी सातांपैकी एकालाही भीक घातली नाही.

"तुझं गणित चुकायचं नाही रे," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून काहीतरी राहत असणार." आणि त्यांनी चौथा रेणू पुन्हा पहिल्यापासून बनवायला घेतला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे जगात पुष्कळ. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं आणि नाचणारी बिचारी स्वतःच्या पायांना दोष देत होती.

हे ज्योतिष्याला ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी, एका सोमवारी सकाळी, मॉडेलला दिलेल्या जुन्या रेणूंची यादी चाळताना त्याला एकच रेणू दोनदा दिसला: एकदा नुसता, एकदा क्षार जोडलेला. माणूस तोच, फक्त एकदा कोट घातलेला. संगणकानं मात्र दोघांना वेगळं धरलं होतं. एक मॉडेलला शिकवायच्या ढिगात गेला, दुसरा त्याची परीक्षा घ्यायच्या. शोधायला लागला तर असे शेकड्यांनी निघाले. म्हणजे मॉडेल हुशार नव्हतंच, पेपर फुटला होता, आणि फोडणारा तो स्वतः. जोड्या काढून पुन्हा परीक्षा घेतली तर चौऱ्याण्णवाचे सत्तावन्न झाले. नुसतं नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते.

त्यानं तो निकाल पुसून टाकला आणि मूग गिळून बसला. आधी दुरुस्त करू, मग सांगू, अशी मनाची समजूत घातली. दुरुस्त काही होईना. जिन्यात ताई दिसल्या की तो उगाच फोन कानाला लावी.

शुक्रवारच्या बैठकीत सर ताईंना म्हणाले, "सातातला एकही नाही? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

ताई उभ्या राहिल्या. "चूक माझीच असणार, सर. चौथा परत करतेय. शनिवार-रविवारीही येईन."

ज्योतिषी समोरच बसला होता. त्यानं बाटली उघडली, घोटभर पाणी घेतलं, झाकण लावलं. त्याला स्वतःची किळस आली.

दुपारी डबा तसाच ठेवून तो खाली गेला. ताई वहीत लिहीत होत्या: 'सातवा निष्क्रिय. संशय: माझी शुद्धीकरणाची पद्धत.' ती ओळ वाचल्यावर मात्र त्याला राहवेना. स्टुलावर बसून त्यानं सगळं सांगून टाकलं, क्षारापासून सत्तावन्नापर्यंत.

ताईंनी ढवळणारं यंत्र बंद केलं.

"कधी कळलं तुला?"

"तीन आठवडे झाले."

त्यांनी हातमोजे काढले. बोटांची टोकं फुटली होती. "चुकांचं मला काही नाही. या वहीत चुकाच जास्त आहेत. पण तीन आठवडे मी घरी जाऊन झोपताना माझेच हात तपासत होते. आणि तू रोज मला बघत होतास."

त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

ताईंनी वही त्याच्याकडे सरकवली. "लिही."

त्यानं लिहिलं: 'सातही रेणू बरोबर बनले होते. चूक मॉडेलच्या परीक्षेत, म्हणजे माझी.' खाली त्या दिवसाची तारीख घातली.

"ही सांगितल्याची तारीख झाली," ताई म्हणाल्या. "कळल्याची घाल."

त्याचा हात पान फाडायला गेला. ताईंनी तो धरला. त्यांच्या वहीचा नियम होता: पान फाडायचं नाही, खोडायचं तर एकच रेघ, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. त्यानं एक रेघ ओढली आणि शेजारी त्या सोमवारची तारीख लिहिली.

"आता वही घेऊन वर जा. सरांना तूच दाखव. मी हात धुऊन येते."

सरांनी पान वाचलं. कपाळाला आठ्या घालून पुन्हा वाचलं. मग खोडलेल्या तारखेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "चुकीचं मग बघू. आधी सांग, या दोन तारखांच्या मध्ये तू काय करत होतास?"