पंख्यातला भंडारा

शुक्रवार पेठेत गुरुराजचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. चंद्रिका तिथं काम शिकत होती. उन्हाळाभर तिनं नुसते कीबोर्ड पुसले आणि स्क्रू निवडले. गोजाबाईंच्या नातीचा लॅपटॉप हे तिचं एकटीनं केलेलं पहिलं काम. यंत्र तापायचं आणि मधेच बंद पडायचं. तिनं खालचं झाकण काढलं, पंख्यातली धूळ ब्रशनं झाडली, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. धूळ पिवळी आहे हे तिला दिसलं होतं. पण काम जमल्याच्या आनंदात तिनं कुणाला काही विचारलं नाही.

पंधरवड्यात तेच दुखणं घेऊन गोजाबाई दारात उभ्या.

"बाय, तुझं औषध लागू पडंना की."

गुरुराजनं चष्म्यावरून पाहिलं. "चंद्रिका, आता हे तिसऱ्यांदा टेबलावर आलं, तर तू परत कीबोर्ड पुसायला."

तिनं झाकण उघडलं. पंखा पुन्हा पिवळा. या वेळी बोट फिरवून तिनं वास घेतला. हळद.

"आजी, ह्याच्यावर भंडारा कोण टाकतं?"

"कोण म्हंजे? मीच! दर ऐतवारी बिरुदेवाम्होरं ठिवती आन् उधळती. पोरीचं शिक्षाण ह्यातनंच चाललंय न्हवं?"

"तो आत जातो, वारा कोंडतो, मग यंत्र तापतं. टाकू नका."

गोजाबाईंनी पदर खोचला. "मग देवाला काय सांगू, यंत्राला तू सोसत न्हाईस? दे हिकडं. दुसरं दुकान बघती."

चंद्रिकानं उघडा लॅपटॉप घाईनं त्यांच्यापुढं सरकवला. "बघा तरी. आमची अव्वा, म्हणजे माझी आजी, विभूती ओली करून लावते. तसं वरनं एक बोट लावा."

"तुमची इभूत तुमी लावा. आमचा भंडारा उधळायचाच असतो." बोलता बोलता त्यांची नजर पंख्यावर गेली. "येवढा आत गेला?"

"आजी, मेंढरावर उधळता, तेव्हा मेंढरू उघडून उधळता का?"

गोजाबाई फिसकन हसल्या. "लई शानी हाईस."

"मग हे पिशवीत घाला, चेन लावा आणि पिशवीवर हवा तेवढा उधळा. पिशवी बघून देव काय परत जातोय?"

"त्यो कशाला जातोय," म्हणत त्या खाली टेकल्या आणि चंद्रिकानं पंखा पुन्हा झाडायला घेतला.

मधे काही रविवार गेले. मग एका सकाळी गोजाबाई परत आल्या. काखेत पिवळीधमक पिशवी. चंद्रिकानं हातातला ब्रश खाली ठेवला. गुरुराज उठला.

"तिसऱ्यांदा."

"काय तिसऱ्यांदा? यंत्र ब्येस चालतंय. पिशवीची चेन उघडंना! आन् दुपारी ह्याच्यावरच पोरीचा पेपर हाय."

चेनीच्या दातांत भंडारा घट्ट बसला होता. गुरुराजनं पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. "आता हे कशात धरायचं, तिसऱ्यांदा आलं की नाही?"

"कशात म्हंजे? हितं पिशव्या दुरुस्त करता व्हय तुमी?"

"नाही, आजी," गुरुराज म्हणाला.

"मग कशातच धरू नगा."

गुरुराजनं पिशवी चंद्रिकाकडं दिली. "चेन झाड. झालं की कोपऱ्यातला तो काळा लॅपटॉप घे. चालूच होत नाही म्हणतात. तूच उघड."