सहाला तीन मिनिटं

"लेम्युएल, आज काठीला हात लावायचा नाही. कळलं ना?" सभापती खुर्चीत बसता बसता म्हणाले.

"कळलं, साहेब."

विधानसभेच्या दारावर उभं राहून लेम्युएल गास्किनला एकतीस वर्षं झाली होती. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सहाच्या ठोक्याला कामकाज संपायचं. पण रस्त्यांचं नाहीतर दारूच्या परवान्यांचं विधेयक अडलं, की सभापती हळूच मान हलवत आणि लेम्युएल लांब काठीने भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक थांबवी. मग काम उरकेपर्यंत सहा वाजतच नसत. सभागृह त्याच घड्याळावर चाले; मनगटाकडे बघणारा सदस्य नवखा समजला जाई.

आज अडलं होतं नागरी हक्क सल्लागार मंडळाची मुदत चार वर्षांनी वाढवण्याचं विधेयक. मतं पुरेशी होती, वेळ नव्हता. स्टॅनफिल नावाचा सदस्य वेळ संपवायला चार वाजल्यापासून तळ्यातल्या मासळीच्या पैदाशीवर बोलत होता. तो सहापर्यंत थांबणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मंडळ बुडालं की त्याच्याकडच्या तक्रारीही बुडणार. त्यांत एक लेम्युएलच्या मुलीची, ऑडेलची होती. गोऱ्यांच्या वॉर्डात पाऊल टाकलं म्हणून या काळ्या परिचारिकेला इस्पितळाने काढून टाकलं होतं. मंडळ कुणाला शिक्षा करू शकत नव्हतं, नुसता सल्ला द्यायचं. पण तिचं म्हणणं लिहून घेणारं राज्यात दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा, तुम्ही तिथेच असता ना? बघा की काहीतरी," ती सकाळी म्हणाली होती.

"दारवानाचं कोण ऐकतंय, पोरी?"

सहाला तीन मिनिटं होती. लेम्युएलने सभापतींकडे पाहिलं. ते मुद्दाम कागदात डोकं खुपसून बसले होते. त्याने काठी उचलली आणि लंबक धरला.

स्टॅनफिलने आणखी दोन पानं वाचली आणि वर पाहिलं. सहाला तीन. आणखी चार पानं. सहाला तीनच. त्याचा घसा बसला, माशांची पिल्लं संपली, आणि तो मटकन खाली बसला.

"घड्याळ बंद आहे!" कुणीतरी ओरडलं.

"मग? गेल्या वर्षी तुमच्या पुलाच्या वेळी चालू होतं का?" मागच्या बाकावरून एक बाई कडाडल्या.

सभापतींचा चेहरा लाल झाला. आजचं घड्याळ खोटं म्हणावं, तर आजवरचे निम्मे कायदे खोटे ठरत होते. त्यांनी मतदान पुकारलं. विधेयक नऊ मतांनी पास झालं.

नंतर त्यांनी लेम्युएलला जवळ बोलावलं. "कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही, साहेब. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच."

"कोट ठेव आणि चालता हो."

त्याने निळा कोट उतरवला, खिशातला रुमाल काढून घेतला. दाराशी पोहोचला तर मागून सदस्यांची झुंबड आली. सवयीने तो बाजूला सरला आणि त्याने दार ओढून धरलं. हसत, बोलत, एकमेकांच्या पाठी थोपटत ते गेले. तो नुसत्या सदऱ्यावर आहे, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत तो दार धरून उभा होता.