किल्ली फिरवू नका

सिग्नल हिरवा होता, रस्ता मोकळा होता, आणि तरीही गाडीचा जोर आपोआप ओसरत चालला. धाकट्याने ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. इंजिन ढिम्म. कशीबशी त्याने गाडी कडेला एका सलूनसमोर आणली आणि ती थांबली. चारही दिवे लुकलुकायला लागले आणि आतबाहेर ऐकू येईल असा एका बाईचा गोड आवाज आला.

"हे वाहन पोलिसांनी थांबवले आहे. दूर राहा. आतील व्यक्तींनी वाहन सोडू नये."

धाकट्याच्या पाचावर धारण बसली. शेजारी बसलेल्या वहिनीने डोळे मिटून घेतले.

"हाच," ती म्हणाली. "हाच आवाज होता, भाऊजी."

गेल्या वर्षी दादाची गाडी रेल्वेच्या फाटकात, ऐन रुळांवर अशीच थांबली होती. दादा तेव्हा वहिनीशी फोनवर बोलत होता. पोलिसांना दुरून बंद पाडायची होती ती गाडी दुसऱ्याच कुणाची, अशी कुजबूज पुढे कानावर आली. पण कोर्टात त्यांनी काखा वर केल्या. आम्ही थांबवलीच नाही, जुनी गाडी, बिघडली असेल. जे काही सांगितलं असतं ते गाडीनेच, आणि तिचा तर चेंदामेंदा झाला होता. आवाज ऐकणारी उरली एकटी वहिनी. आज तिची साक्ष होती. कोर्ट पुढच्या वळणावर होतं.

"चालत जायचं का?" धाकट्याने विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं. "नको. उतरलो तर पळाले म्हणतील."

फुटपाथवरच्या एका बाईने मुलाला ओढून पलीकडे नेलं. सलूनच्या दारात वस्तरा हातात घेऊन न्हावी उभा होता. त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं, "काही केल्याशिवाय थोडंच थांबवतात?"

एवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. पलीकडचे पोलीस साहेब मोठ्या अदबीने बोलत होते.

"माफ करा हं, चुकून यादीत नंबर आला. मी इथून सोडलंय. तुम्ही फक्त किल्ली फिरवा. गाडी चालू होईल, आवाजही बंद होईल."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. हात किल्लीवर गेलासुद्धा. वहिनीने मनगट धरलं.

"किल्ली फिरवू नका."

"अहो वहिनी, वेळ निघून जाईल."

"फिरवली की मागे काय राहील? परत मी एकटीच सांगणारी."

"मोबाईलवर रेकॉर्ड करतो ना."

"त्यांचे वकील म्हणतील, घरी बसून बनवलं. गाडीच नेऊ या. अशीच, बोलती."

"बंद गाडी नेणार कशी?"

"ढकलत."

फोन चालूच होता. साहेबांची अदब आटली. "ड्रायव्हर, तुम्ही शाळेची व्हॅन चालवता ना? लायसन्सला जपा. किल्ली फिरवा."

आपण काय करतो हे धाकट्याने त्यांना सांगितलं नव्हतं. दादा नेहमी चिडवायचा, हा घराच्या फाटकातून गाडी काढतानाही चार जणांना विचारून काढतो. आता विचारायला दादा नव्हता. त्याने फोन कापला आणि दार उघडलं.

"वहिनी, इकडे सरका. स्टिअरिंग तुम्ही धरा. किल्लीजवळ मी नको, माझ्या हाताचा भरवसा नाही."

त्याने मागून खांदा लावला. गाडी जेमतेम हलली. "दूर राहा," गाडी म्हणाली, आणि लोक दूर राहिले.

"काय केलंत हो?" न्हाव्याने दारातूनच विचारलं.

"काही नाही."

"मग थांबवलं कशाला?"

"तेच विचारायला कोर्टात चाललोय. पण चालतेय कुठे ही."

न्हाव्याने वस्तरा मिटला. आत वळून म्हणाला, "बसा जरा, तुमचा गाल काही पळून जात नाही." गिऱ्हाईक बसलं नाही. अर्ध्या तोंडाला साबण, गळ्यात टॉवेल, तसंच मागोमाग आलं. "मघाशी मीच बोललो होतो," एवढंच पुटपुटून त्याने डिकीला हात लावला.

वळणापर्यंत तिघांना धाप लागली. मागून पोलिसांची जीप येताना दिसली. कोर्टाच्या फाटकावरचा शिपाई आडवा आला. "आधी तो आवाज बंद करा."

"तो ऐकवायलाच आणलाय," धाकटा म्हणाला. एवढं मोठ्याने तो कधी बोलला नव्हता.

जीपमधून उतरलेला हवालदार सरळ वहिनीच्या खिडकीशी गेला आणि किल्लीसाठी त्याने आत हात घातला. धाकटा धावला, त्याला बाजूला सारून मध्ये शिरला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. खांद्यावर पडलेली हवालदाराची मूठ आवळत गेली. मागे वहिनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती.

"हे वाहन पोलिसांनी थांबवले आहे," गाडी पुन्हा म्हणाली.

वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. चष्मा लावलेल्या, काळ्या कोटातल्या बाई खाली पाहत होत्या. "कोण बोलतंय ते?"

खांद्यावरची मूठ सैल झाली.

"तेच सांगायला आलेय, न्यायाधीश बाई," वहिनी आतून म्हणाली. "पण आधी तुम्ही ऐका."